लेकीच्या पेशी संशोधनाला द्याव्यात का?

पत्र : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. दीड वर्षाची होईपर्यंत ती चार-पाच शब्द बोलायची, वाटी हातात धरायची. मग हळूहळू सगळं गेलं. आता दिवसभर हात चोळत असते. जनुकीय तपासणीत एमईसीपी-2 जनुकात बदल सापडला, रेट सिंड्रोमचं निदान झालं. आता डॉक्टरांनी विचारलंय की संशोधनासाठी तिच्या त्वचेचा छोटा तुकडा आणि आम्हा दोघांचं रक्त द्याल का. त्यातून स्टेम सेल आणि पुढे मेंदूच्या पेशी बनवणार आहेत म्हणे. सासूबाई विचारतात, पोरीचा मेंदू काचेच्या भांड्यात वाढवणार का? ह्यांच्या ओळखीतल्या एकाने स्टेम सेलची इंजेक्शनं देणारं केंद्र सुचवलंय. तिथे पैसे भरले की लगेच उपचार सुरू. मग संशोधनात वेळ कशाला घालवायचा, असं ह्यांचं म्हणणं. मला काही कळेनासं झालंय. आणि एक विचारायचं होतं, गरोदरपणात माझं काही चुकलं असेल का? — एक आई

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुम्ही तो शेवटी लिहिला असला तरी सगळ्या पत्रामागे तोच उभा आहे. नाही. तुमचं काहीही चुकलं नाही. रेट सिंड्रोममध्ये हा जनुकीय बदल बहुतेक वेळा नव्यानेच घडलेला असतो, आईवडिलांकडून चालत आलेला नसतो. खाणंपिणं, ताणतणाव, एखादी गोळी, प्रवास यांचा त्याच्याशी संबंध नाही. बहुतेकदा तो वडिलांच्या शुक्रपेशी तयार होताना झालेला आढळतो. हे वाचून आता ह्यांच्याकडे बोट दाखवू नका. शुक्रपेशी बनताना डीएनएची नक्कल पुन्हा पुन्हा होत राहते, आणि नक्कल म्हटली की कुठेतरी एखादं अक्षर इकडचं तिकडे होणारच. ते कुणाच्या हातात नसतं.

तुम्हा दोघांचं रक्त मागण्याचं एक कारणही यातच असावं. क्वचित एखाद्या आईकडे तोच बदल असतो, पण तिला स्वतःला काही त्रास नसतो. रक्तातून ते समजतं. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर मात्र रिपोर्ट हातात घेऊन जनुकीय समुपदेशकाशी नीट बोला. धोका फार कमी असतो, पण शून्य असतो असं कुणी सांगत नाही.

आता इंजेक्शनवाल्या केंद्राबद्दल. इथे मी आडपडदा ठेवणार नाही. तिथे जाऊ नका.

गोंधळ होतो तो दोन्हीकडे ‘स्टेम सेल’ हे एकच नाव असल्यामुळे. डॉक्टर तुमच्याकडे मागतायत तो नमुना आहे. त्या पेशी मुलीच्या अंगात परत जाणार नाहीत, प्रयोगशाळेतच राहतील आणि तिथेच त्यांचा अभ्यास होईल. केंद्रवाले काहीतरी अंगात टोचणार आहेत. अशा ठिकाणी बहुधा मुलाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी काढून पाठीच्या कण्यातून सोडतात. जरा विचार करा. तुमच्या मुलीच्या अडचणीचं मूळ एका जनुकात आहे आणि ते जनुक तिच्या अस्थिमज्जेतही तेच आहे. तिच्याच पेशी तिच्याच अंगात एका जागेवरून दुसरीकडे नेल्याने तो बदल कसा दुरुस्त होणार? शिवाय अस्थिमज्जेतल्या पेशी कण्यात सोडल्या म्हणून त्या चेतापेशी बनून मेंदूच्या जाळ्यात जाऊन बसत नाहीत. कुणा दुसऱ्याच्या पेशी देणार असतील तर काळजी आणखी वाढते. 2009 साली वैद्यकीय नियतकालिकात एका मुलाची हकिकत प्रसिद्ध झाली. त्याला वेगळाच जनुकीय मेंदूविकार होता आणि मॉस्कोत त्याच्या मेंदूत व कण्यात गर्भापासून मिळवलेल्या पेशी सोडल्या होत्या. काही वर्षांनी गाठी दिसल्या. तपासल्यावर कळलं, त्या गाठी त्याच्या स्वतःच्या पेशींच्या नव्हत्याच. दात्याच्या पेशींपासून वाढल्या होत्या.

ह्यांच्या मनाची घाई मला कळते. पोर डोळ्यांसमोर मागे जात असताना हातावर हात ठेवून बसणं कुणालाच जमत नाही. पण एक खूण लक्षात ठेवा. खऱ्या औषधचाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून सहसा पैसे घेत नाहीत, तिची सार्वजनिक नोंद असते, आणि ‘गुण येईलच’ असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. त्या केंद्राने यातलं काय काय केलं, हे ह्यांनाच विचारून पाहा.

मग डॉक्टर जे म्हणतायत ते नेमकं काय?

2006 साली जपानमधल्या क्योटो विद्यापीठात शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींत फक्त चार जनुकं घालून त्यांना गर्भातल्या अगदी सुरुवातीच्या पेशींसारखं बनवलं. त्या अवस्थेतली पेशी, म्हणजेच स्टेम सेल, हृदयाची होऊ शकते, यकृताची होऊ शकते, मेंदूचीही होऊ शकते. पुढच्याच वर्षी हे माणसाच्या पेशींवर जमलं, आणि 2012 मध्ये यामानाकांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. या पद्धतीत गर्भ लागत नाही. त्वचेचा तुकडा किंवा थोडं रक्त पुरतं.

मेंदूच्या आजारात याचं एवढं मोल का, तर जिवंत मुलाच्या मेंदूचा तुकडा काढून कुणी पाहू शकत नाही. स्कॅनमध्ये आकार दिसतो, पेशी दिसत नाहीत. उंदीर उपयोगी पडतात, पण सगळीकडे नाही. 2013 मध्ये व्हिएन्नात मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गन नोब्लिख यांच्या गटाने स्टेम सेलपासून मेंदूच्या ऊतींचे बारीक गोळे वाढवून दाखवले. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. जन्मतःच डोकं फार लहान असलेल्या एका रुग्णाच्या पेशींपासून केलेले गोळे लहानच राहिले, कारण त्यातल्या मूळ पेशी स्वतःची संख्या पुरेशी वाढवण्याआधीच चेतापेशी बनू लागल्या होत्या. त्या रुग्णात बिघडलेलं जनुक उंदरांत बिघडवून पाहिलं, तेव्हा मेंदू इतका लहान झालाच नव्हता. माणसाच्या मेंदूची घडण पाहायची तर माणसाच्याच पेशी लागतात, ते असं.

सासूबाईंच्या शंकेला हसू नका, ती रास्त आहे. बातम्यांत ‘मिनी ब्रेन’ म्हणून मथळे येतात, मग ऐकणाऱ्याला दुसरं काय वाटणार? त्यांना असं सांगा की हा गोळा काही मिलिमीटरचा असतो. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, शरीर नाही. रक्तवाहिन्या नसल्यामुळे मोठा झाला की मधल्या पेशी मरायला लागतात. त्यात नातीची एकही आठवण नसते. आठवणी जनुकांत लिहिलेल्या नसतात, त्या जगताना तयार होतात. स्टेम सेल संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलंय की या गोळ्यांना जाणीव असल्याचा किंवा वेदना कळत असल्याचा कोणताही जैविक पुरावा आज नाही. यावर लक्ष ठेवायला हवं असंही संशोधक म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. आणि तुमच्या बाबतीत गोळे करणार की प्रयोगशाळेतल्या ताटलीत चेतापेशींचा पातळ थर वाढवणार, हे आधी विचारून घ्या. पुष्कळ कामं नुसत्या थरावरच होतात.

रेटच्या बाबतीत एक गोष्ट फार विलक्षण आहे, तेवढी सविस्तर सांगते. एमईसीपी-2 हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलींमध्ये एक्स दोन असतात, पण प्रत्येक पेशी त्यातला एकच वापरते, दुसरा गप्प बसवते. कुठला गप्प बसवायचा हे गर्भात फार लवकर, पेशीगणिक, जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. म्हणजे तुमच्या मुलीच्या अंगात दोन प्रकारच्या पेशी एकमेकींत मिसळून आहेत. काहींत चांगली प्रत चालू आहे, काहींत बदल झालेली. त्वचेच्या एकेका पेशीपासून स्टेम सेलचा एकेक वंश वाढवला, की बहुधा त्यातही तीच निवड टिकून राहते. मग एकाच मुलीच्या एकाच तुकड्यापासून दोन वंश मिळू शकतात. बाकीची हजारो जनुकं तंतोतंत तीच, फरक मुख्यतः एवढाच की कुठला एक्स चालू आहे, आणि म्हणून एमईसीपी-2 ची कुठली प्रत बोलते. तुलनेला याहून चांगली जोडी कुठून आणणार? शेजारच्या निरोगी मुलीच्या पेशी घेतल्या तर फरक आजाराचा की दोन माणसांमधला, हे कळणं कठीण. बाकीच्या आजारांत अशी जोडी मिळवायला क्रिस्पर नावाच्या जनुक-कात्रीने जनुक दुरुस्त करावं लागतं. (दीर्घकाळ वाढवताना गप्प बसलेला एक्स कधीकधी अर्धवट जागा होतो, म्हणून संशोधकांना पुन्हा पुन्हा तपासून घ्यावं लागतं. हे काम वाटतं तितकं सरळ नाही.)

याच वाटेने 2010 मध्ये अ‍ॅलिसन मुओत्री आणि सहकाऱ्यांनी रेट असलेल्या मुलींच्या पेशींपासून चेतापेशी बनवल्या. त्या आकाराने लहान होत्या आणि एकमेकींशी जोडणाऱ्या जागा त्यांच्यात कमी होत्या. आयजीएफ-1 नावाचं वाढीला मदत करणारं प्रथिन घातल्यावर ताटलीत काही सुधारणाही दिसली. बातमी मोठी होती. पण तेच प्रथिन मुलींना देऊन चाचणी घेतली, त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये आले, आणि ज्या मोजमापांवर भिस्त होती त्यांवर, तुलनेसाठी दिलेल्या औषध नसलेल्या डोसापेक्षा सरस काही दिसलं नाही. त्याच प्रथिनाच्या टोकाच्या तुकड्यावर आधारलेलं ट्रोफिनेटाइड हे औषध मात्र पुढे गेलं आणि मार्च 2023 मध्ये अमेरिकेत रेटसाठी मंजूर झालेलं पहिलं औषध ठरलं. त्याचा फायदा माफक आहे आणि जुलाबाचा त्रास बऱ्याच मुलांना होतो. ही गोष्ट मी मुद्दाम पूर्ण सांगते आहे. ताटलीत चांगलं दिसलं म्हणजे मुलीत चांगलं होईलच असं नाही, हे तुम्हाला ठाऊक असलं की उद्या कुणी एखादं कात्रण पाठवलं तरी तुमचं मन एकदम वर जाऊन खाली आपटणार नाही.

तरी आशेला जागा आहे, आणि ती पोकळ नाही. 2007 मध्ये एड्रियन बर्ड यांच्या गटाने आजारी उंदरांमध्ये बंद ठेवलेलं एमईसीपी-2 मोठेपणी पुन्हा चालू केलं, तेव्हा उंदरांची लक्षणं बऱ्याच प्रमाणात मागे हटली. म्हणजे रेटमध्ये चेतापेशी मेलेल्या नसतात, अडलेल्या असतात. मुलगी उंदीर नाही हे खरं. पण ‘आता मेंदू गेला तो गेला’ असं कुणी तुम्हाला म्हणालं असेल, तर ते म्हणणं या प्रयोगाशी जुळत नाही.

पेशींपासून औषधापर्यंतची वाट किती लांब असते, ते टिमथी सिंड्रोम या फार दुर्मीळ आजारात दिसतं. त्यात कॅल्शियम आत सोडणाऱ्या दाराच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. स्टॅनफर्डमध्ये सर्जिउ पास्का यांनी 2011 मध्ये रुग्णांच्या पेशींपासून केलेल्या चेतापेशींत दोष दाखवला. 2017 मध्ये मेंदूच्या दोन भागांचे गोळे एकमेकांना चिकटवून, पेशी एका भागातून दुसरीकडे जाताना कशा अडखळतात ते दाखवलं. 2024 मध्ये डीएनएसारख्या लहान रेणूने तो दोष दूर करता येतो हे आधी ताटलीत आणि मग उंदराच्या मेंदूत रुजवलेल्या मानवी ऊतींत दाखवलं. 13 वर्षं, आणि तेही मुलांना औषध देण्याच्या अलीकडचा टप्पा. एवढं सगळं मूठभर कुटुंबांनी पेशी दिल्या म्हणून झालं.

तेव्हा तुमच्या मुलीला यातून थेट काय मिळेल? बहुधा काही नाही. नुसते स्टेम सेलचे वंश तयार करून, गुणसूत्रं ठीक आहेत ना ते तपासण्यातच महिने जातात. चेतापेशी पिकायला आणखी महिने लागतात, कारण माणसाची चेतापेशी ताटलीतही माणसाच्याच गतीने वाढते. एखाद्या वंशाचे गोळे एका खेपेला एक दाखवतात, दुसऱ्या खेपेला थोडं वेगळं, मग सगळं पुन्हा करावं लागतं. ‘तिच्या पेशींवर औषधं तपासून तिला लागू पडणारं शोधतील’ अशी आशा धरून सही करू नका. तिच्यासारखाच जनुकीय बदल असलेल्या मुलींसाठी, आणि कदाचित पुढे तिच्यासाठीही, एक दुवा जोडायचा म्हणून द्यायचं असेल तर जरूर द्या. माझं मत विचाराल तर मी देईन. नाही म्हणालात तरी तिच्या नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. तसं कुणी सुचवलं तर ते गैर आहे.

द्यायचं ठरलं तर संमतीपत्र घरी आणून वाचा. तिथल्या तिथे सही करू नका. 1951 मध्ये एका अमेरिकन स्त्रीच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. हेला नावाने त्या जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या, आणि घरच्यांना पत्ता लागला तो कितीतरी वर्षांनी. संमतीपत्रं आज एवढी लांबलचक असतात त्याला असा इतिहास आहे. स्टेम सेलचा वंश गोठवून जवळजवळ कायमचा ठेवता येतो, त्यामुळे ‘किती दिवस ठेवणार’ हा प्रश्न इथे नेहमीच्या रक्ततपासणीसारखा नाही. पेशी दुसऱ्या संस्थांना किंवा कंपन्यांना देणार का, त्यातून औषध निघालं तर तुमचा काही हक्क राहील का (बहुतेक ठिकाणी राहत नाही, पण तसं लिहिलेलं हवं), नाव काढून टाकलं तरी जनुकीय माहिती कुठे साठवणार, ते विचारा. प्राण्याच्या मेंदूत पेशी रुजवायला तुमची हरकत असेल तर ती वेगळी नोंदवता येते का, तेही विचारा. सासूबाईंना हे विचारल्याचं बरं वाटेल. उद्या मन बदललं तर काय होतं? सहसा उरलेला नमुना नष्ट करतात, पण वाटल्या गेलेल्या पेशी आणि छापून आलेले निष्कर्ष परत घेता येत नाहीत. आणि संशोधनात तिच्या उपचारांशी संबंधित काही सापडलं तर तुम्हाला कळवणार की नाही, याचं उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘हो हो, कळवू की’ याला अर्थ नाही.

आणखी एक, जे संमतीपत्रात कदाचित नसेल. त्वचेऐवजी रक्तावर भागतं का, ते आधी विचारा. कितीतरी प्रयोगशाळांना चालतं, आणि मग पुढच्या नेहमीच्या तपासणीच्याच सुईत काम होऊन जातं. त्वचाच हवी असेल तर सुमारे तीन मिलिमीटरचा गोल तुकडा असतो, जागा बधिर करून काढतात, दंडाच्या आतल्या बाजूने किंवा कमरेजवळून घ्यायला सांगता येतं. सतत हात चोळणारी मुलगी असल्यामुळे हाताच्या पुढच्या भागावर टाका नको, पट्टी टिकणार नाही. रेटच्या मुली दात खूप खातात, त्यामुळे दातांच्या कामासाठी तिला कधी ना कधी पूर्ण भूल द्यावी लागू शकते. तसं काही ठरत असेल तर तुकडा त्याच वेळी घ्यायची विनंती करा. तेव्हा भूलतज्ज्ञांना रेटचं निदान आठवणीने सांगा आणि आधी ईसीजी झाला आहे ना ते पाहा. या मुलींपैकी काहींमध्ये ईसीजीवरचं क्यूटी अंतर (ठोका पडून हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ) लांबलेलं असतं आणि काही औषधं त्यांना चालत नाहीत. हे संशोधनासाठी नाही, तिच्यासाठी.